न उतरणारा आकडा आणि लिंबायतचा सांड

"खोटं बोलताय हे! डॉक्टरबेन, यांचं एक अक्षर लिहू नका. साफ खोटं!"

ही माझी बायको, शोभा. दवाखान्याच्या तातडीच्या खोलीत मी स्ट्रेचरवर पडलो होतो आणि थंडीनं असा काही थरथरत होतो की स्ट्रेचर आपल्या चाकांवर दाराबाहेर निघालं होतं, दोन वॉर्डबॉयनी धावत जाऊन पकडून आणलं. (शोभा म्हणते स्ट्रेचर जागचं हललं नाही. तिचं ती जाणे, वर मी होतो.) डॉक्टरबेननं फक्त एवढं विचारलं होतं, "काका, ताव कब से?" म्हणजे ताप कधीपासून. मी म्हणालो होतो, "सकाळपासून."

"सकाळपासून?" शोभा ओरडली. "चार दिवस झाले! भर वैशाखात दोन गोधड्या घेऊन पडलेत. आणि एक सांगते, या माणसानं जन्मात कुठली गोष्ट कमी करून सांगितली नाही. आज कमी करून सांगताय, म्हणजे काहीतरी मोठं आहे!"

डॉक्टरबेन तिशीची असेल. गुजराती बाई, अंबाड्यात पेन खोचलेलं. तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली, नखं दाबून पाहिली, आणि तिचा चेहरा एकदम शांत झाला. पुढे मला कळलं की ती शांत झाली की समजायचं, प्रकरण अवघड आहे.

"और लंगडते क्यूं हैं?"

"सांड मागे लागला होता," शोभा म्हणाली. "म्हणजे हे असं म्हणताय. पळताना पडले."

"सांड," असं म्हणत डॉक्टरबेननं केसातलं पेन काढून लिहून घेतलं.

मी डोळे मिटले. सांड नव्हताच.

*

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे सांडाचा उलगडा होईल. मी सुकलाल. मूळचा अमळनेरकडचा, राहणार लिंबायत. सव्वीस वर्षं सुरतेत लूम चालवतोय. आमच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, माझी ख्याती अशी की मी साधी शिंक दिली तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं वादळ होतं. तापीला पूर आला तेव्हा मी मगरीच्या पाठीवर बसून दूध आणलं, हे आमच्या खात्यात निम्म्या लोकांना तोंडपाठ आहे. विश्वास कुणाचाच नाही, पण मागणी सगळ्यांची. माणसं बारा तास उभी राहतात, कानात खटाखट. हसायला काहीतरी लागतं.

अशा माणसाला झालं गळू. जागा एकदाच लिहितो, कारण हे लिहिण्याचं कारणच ती आहे: संडासाच्या वाटेशेजारी, आत, खोल. वरून बघितलं तर जरा लाल, बाकी काही नाही. आतून मात्र कुणी निखारा ठेवून दिलाय असं. बसवेना, चालवेना, सकाळी संडासला जायचं म्हटलं की डोळ्यांपुढे अमळनेर दिसायचं.

आता ही गोष्ट कुणाला सांगायची? मगरीवर बसणाऱ्या माणसानं? खात्यात विचारलं, "काय रे, फाकून का चालतोस?" तर तोंडातून आपोआप निघालं, "सांड लागला मागे." मग रंगत गेलं. सांड काळा झाला, शिंगं हातभर झाली, मी हातगाडीवरून उडी मारली, पलीकडे पडलो तो थेट कमरेवर. इतकी छान जमली गोष्ट की घरी शोभालाही तीच सांगितली.

गल्लीत एक जण आहे. पाटी डॉक्टरची, बाकी देव जाणे. त्याच्याकडे गेलो आणि त्यालाही खरं सांगितलं नाही, "पोटात दुखतं" म्हणालो. त्यानं पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. मी तीन दिवस घेतल्या. का थांबवल्या? तिसऱ्या दिवशी जरा बरं वाटलं म्हणून. एवढा मूर्खपणा मी कुठल्याही गोष्टीत घातला नसता. ऐकणारे म्हणाले असते, फार ताणतोय.

*

पहिल्याच दिवशी रक्त काढलं. दंडातून काढलं ते नेहमीचं. मग मनगटाच्या आतल्या धमनीतून काढलं, ते दुखतं, त्यात मी वाढवून सांगत नाही. माझी मुलगी पूजा बारावीला आहे, ती रिपोर्ट मोबाईलवर वाचत उभी होती. घरात ती माझ्याशी मराठी बोलते, मैत्रिणींशी गुजराती, आणि घाबरली की हिंदी.

"पप्पा, सेप्सिस लिखा है."

डॉक्टरबेननं आम्हाला समजावलं, तेही आमच्या भाषेत, जेवढी तिला येत होती तेवढीत. अंगात कुठेतरी जंतू शिरलेत. अंग त्यांच्याशी लढतंय, पण लढता लढता आपल्याच माणसांवर काठ्या चालवायला लागलंय. किडनी, फुप्फुस, सगळ्यांना मार बसतोय. दोन तपासण्या ती बोटांवर मोजून बोलली. एक लॅक्टेट. अवयवांपर्यंत रक्त नीट पोचत नसलं की ते चढतं. दुसरीचं नाव प्रोकॅल्सिटोनिन, जंतूंचं मोठं इन्फेक्शन असलं की ते वाढतं. ते अर्ध्याच्या, म्हणजे शून्य पूर्णांक पाचच्या, आत हवं. माझं चाळीस होतं. (खात्यात मी चार हजार सांगतो. पूजानं इथं चाळीसच लिहायला लावलंय.)

"हा आकडा आता रोज बघणार," डॉक्टरबेन म्हणाली. "दवा लागू पडली तर उतरेल. पण इन्फेक्शन आलं कुठून, ते मला पाहिजे." आणि मग ती वाकून, आवाज खाली करून म्हणाली, "काका, कोई फोडा? कोई घाव? कहीं भी?"

ही ती वेळ. कुणीही आजारी माणूस हे वाचत असेल तर इथं थांबा आणि नीट बघा. माझं तोंड मोकळं होतं. जीभ जागेवर होती. समोर माणूस विचारत होता, आणि तो विचारायलाच नेमलेला होता. पण डॉक्टरबेनशेजारी माझी पोरगी उभी होती, हातात मोबाईल धरून, सगळं टिपून घ्यायला तयार.

मी म्हणालो, "नाही."

दुपारपर्यंत श्वास लागला. छातीवर कुणी ताक्यांची थप्पी रचतंय असं वाटायला लागलं, कापडाचा एकेक ताका, धप, धप. डॉक्टरबेन म्हणाली, मशीनवर घ्यावं लागेल. शोभानं सही केली. ती सही करताना मी पाहिली, ती फक्त 'शो' लिहून थांबली होती, मग परत लिहायला लागली.

*

शुद्ध आली तेव्हा घशात नळी होती.

मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी अडकलोय. लिफ्टमध्ये, लग्नात. पण बोलता येत होतं तोवर मी कुठंच अडकलेला नव्हतो, हे मला तिथं कळलं. नळी तोंडातून आत गेलेली, गालाला चिकटपट्टी. तिनं आवाज बंद होतो, साफ बंद, गळ्यातून कुईसुद्धा निघत नाही. पहिल्या दिवशी मी अर्धवट गुंगीत नळी ओढायला गेलो म्हणे, म्हणून मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाच्या कठड्याला बांधलेली. शेजारी मशीन माझ्यासाठी श्वास घेत होतं. मला घ्यायचा असेल तेव्हा नाही, त्याला घ्यायचा असेल तेव्हा. लूम तरी धागा तुटला की थांबतो. हे थांबत नव्हतं.

वर छताच्या पांढऱ्या चौकटी होत्या. मी मोजल्या. बावन्न. परत मोजल्या. बावन्न. दिवे कधी बंद होत नाहीत, त्यामुळे वार, वेळ काही नाही. एक सिस्टर होती, वलसाडकडची, ती कपाळ पुसताना म्हणायची, "सारुं थई जशे, काका." बरं होईल. ती दिवसाला एवढं एक वाक्य बोलायची आणि मी ते चोखत बसायचो, पेपरमिंटच्या गोळीसारखं.

आणि रोज डॉक्टरबेन पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून आकडा वाचायची.

"चाळीस."

दुसऱ्या दिवशी, "एकेचाळीस."

औषध बदललं. रक्तदाबाचं औषध थेंबाथेंबानं चालूच. लॅक्टेट सलाइननं उतरलं होतं, ते परत चढायला लागलं. तिसऱ्या दिवशी, "अडतीस," आणि ती खूश झाली नाही. शेजारच्या डॉक्टरला म्हणाली, छाती साफ आहे, लघवी साफ आहे, मलेरिया नाही, डेंग्यू नाही. औषध योग्य असून आकडा इथंच बसलाय, म्हणजे कुठेतरी पू साचलाय आणि तो मला दिसत नाही. सगळ्या अंगाचा स्कॅन करायचा, तर इथून हलवण्याइतकाही हा पेशंट स्थिर नाही. मग कागद उलटून म्हणाली, "सांड ने गिराया था ना? कमरेत रक्त साकळलं असेल. एक्स-रे आणा इथंच."

आणि माझ्या सांडाचा एक्स-रे निघाला. पलंगाशी मशीन आणलं, माझी कंबर उचलली, पाटी सरकवली. मी हुंदके द्यायला बघत होतो, पण हुंदकाही मशीनच्या परवानगीनं. सगळं ऐकू येत होतं. उत्तर माझ्याजवळ होतं, हातभर अंतरावर, माझ्याच खाली. ती ज्याला शोधत होती त्याच्यावर मी झोपलेलो होतो.

कागद-पेन दिलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. एक पट्टी सोडून हातात पेन धरवलं. हात सुजून पावासारखा झालेला. मी लिहिलं, निदान मला वाटलं मी लिहिलं. सिस्टरनं कागद उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "पाणी? हमणां नहीं, काका." पाणी आत्ता नाही. आणि पट्टी परत बांधली.

*

भेटायची वेळ दुपारी, एका माणसाला, दहा मिनिटं. एक दिवस शोभा, एक दिवस पूजा. बाहेर बाकड्यावर दोघींची जुंपायची, ते मला नंतर कळलं. पूजा म्हणायची, "मम्मी, चार दिवस घरात का ठेवलंस त्यांना?" शोभा म्हणायची, "तुझ्या बापाचं काय खरं मानायचं न् काय खोटं, तूच सांग!" त्यानंतर दोघी एकमेकींशी बोलायच्या नाहीत आणि एकाच डब्यातून जेवायच्या.

आत आल्यावर शोभा माझ्या कानाशी वाकली. "अहो," ती म्हणाली, "तो सांड पिसाळलेला होता का? त्याचं काही अंगात गेलं असेल का? मी गल्लीगल्लीत विचारतेय. कुणी बघितलाच नाही म्हणताय. तुमच्या खात्यातले लोकपण शोधताय."

ऐकलंत ना? सव्वीस वर्षं ज्याच्या एका गोष्टीवर कुणी विश्वास ठेवला नाही, त्याची एवढी एक गोष्ट सगळ्या लिंबायतनं खरी मानली. बारा तासांची पाळी संपवून माणसं सांड शोधत फिरत होती.

*

पाचव्या दुपारी आत आला आधार.

आधार माझा जोडीदार. अठरा वर्षं त्याचे लूम माझ्या लूमांसमोर. मी दिवसाला नऊ हजार शब्द बोलतो, तो नऊ. शोभानं आपली वेळ त्याला दिली होती, कारण त्याच्याकडे पुरावा होता. तो पलंगाशी आला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि खिशातून मोबाईल काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला.

फोटोत एक काळा सांड होता, कचऱ्याच्या डब्यापाशी.

"हाऊच का?" त्यानं आमच्या अहिराणीत विचारलं. हाच का?

आता एक गोष्ट सांगायची राहिली. लूमच्या खात्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. कानाची पाळी ओढली की शेठ आला. अंगठा मागे दाखवला की लूमच्या मागच्या बाजूला बघ. पाचही बोटांची टोकं एकत्र केली की गाठ पडलीय. आणि एक खूण खास माझ्यासाठी तयार झाली होती, आधारनंच केलेली: करंगळी हवेत गोल फिरवायची. म्हणजे, सुकलाल फेकतोय.

मनगटं बांधलेली होती, बोटं नाही. हे मला पाच दिवसांत सुचलं नव्हतं. सुचलं ते त्याचा चेहरा समोर आल्यावर.

मी तर्जनी हलवली. नाही.

आधारनं पुढचा फोटो काढला. तांबडा सांड. "मग हाऊ?"

नाही.

तिसरा. हा तर बैल होता, गळ्यात घुंगरू. मी डोळे मिटले, उघडले, आणि करंगळी फिरवली. गोल, सावकाश. सांड म्हणजे फेक.

आधार थांबला. मोबाईल खाली गेला.

मग मी अंगठा मागे दाखवला. मागे. पाच बोटं एकत्र केली. गाठ. परत अंगठा मागे, आणि होतं नव्हतं ते बळ लावून कंबर अर्धा इंच उचलली आणि त्याच अंगठ्यानं खाली दाखवलं. इथं. माझ्यात. मशीन ओरडायला लागलं, सिस्टर धावली.

आधार माझ्या हाताकडे बघत होता. मग माझ्या तोंडाकडे. मग त्यानं आपला उजवा हात वर केला आणि करंगळी फिरवली. गोल.

फेकतोयस.

आणि निघून गेला. पडदा हलला, थांबला.

तो वेळ किती होता मला माहीत नाही. बावन्न चौकटी होत्या. मी त्या मोजल्या नाहीत. एवढंच कळत होतं की मी स्वतःच ही कोठडी बांधली, सव्वीस वर्षं, एकेक गोष्ट रचून, आणि दार ठेवायला विसरलो. शोभा, पूजा, दोघी बाहेर बाकड्यावर, दहा पावलांवर, आणि त्यांना सांगायला माझ्याजवळ एक करंगळी.

मग पडदा सरकला. डॉक्टरबेन, हातात मोजे चढवत. मागे सिस्टर.

"काका, करवट," ती म्हणाली. मला कुशीवर वळवलं. तिनं बोट लावलं आणि मी, नळीसकट, बांधलेल्या हातांसकट, पलंगासकट छताला लागलो. (इथं पूजा काही म्हणत नाही. इथं तिलाही मान्य आहे.)

"मिल गया," डॉक्टरबेन म्हणाली. तिचा चेहरा आता शांत नव्हता. छान रागावलेला होता.

*

त्याच संध्याकाळी सर्जननं चीर दिली. किती पू निघाला ते मी सांगणार नाही, कारण मी सांगितलेलं तुम्ही चौथ्या भागाएवढं धराल, आणि या वेळी तसं करू नका.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरबेन पायथ्याशी उभी राहिली. "एकोणीस." त्यापुढच्या दिवशी "आठ." लॅक्टेट जागेवर आलं. रक्तदाबाचं औषध सुटलं. नळी काढली. पहिला शब्द काय बोलावा याचे मी मनात दोन-तीन मोठे संवाद तयार ठेवले होते. घशातून निघालं फक्त, "शोभा." तेही फाटक्या कापडासारखं. ती म्हणाली, "गप्प पडा." इतकं सुंदर वाक्य मी ऐकलेलं नाही.

अँटिबायोटिक किती दिवस चालवायचं, तेही त्या आकड्याकडे बघून ठरलं. तो अर्ध्याच्या जवळ आला, जखम सुकायला लागली, मी पोहे मागितले, तेव्हा बंद. मी डॉक्टरबेनला म्हणालो, "तुमच्या आकड्यानं वाचवलं." ती म्हणाली, "आकड्यानं फक्त सांगितलं की काहीतरी बाकी आहे. कुठे ते त्याला कसं कळणार? ते तुम्हाला माहीत होतं." मग पेन केसात खोचलं. "शुगर पण आहे तुम्हाला. ती लपवू नका आता."

घरी आलो. वीस पायऱ्या चढायला दोनदा बसलो. अजून रात्री चादर पायात गुंतली तर दचकून उठतो, न्हाणीघराची कडी आतून लावत नाही. डॉक्टरबेन म्हणाली, असं होतं, पुष्कळांना होतं, हळूहळू जाईल. केस गळले. पूजा मला डोकं टेकवून मोबाईल बघते, पूर्वी बघायची नाही.

शोभानं मला एकदाच विचारलं, भांडी घासताना, पाठमोरी. "मला का नाही सांगितलं?" मी म्हणालो, लाज वाटली. ती बराच वेळ एकच ताट घासत राहिली. "मी तुमची गोधडी धुते," ती म्हणाली. "माझी कसली लाज?"

तुम्हाला कुठे दुखतंय, सुजलंय, लाल झालंय, ती जागा कुठलीही असो, विचारणाऱ्याला सांगा. पोरीला बाहेर पाठवा आणि सांगा. ताप येऊन थंडी वाजली, धाप लागली, डोकं भ्रमलं, तर सकाळची वाट बघू नका. गोष्ट रचायचीच असेल तर बरं झाल्यावर रचा, वेळच वेळ असतो.

*

दोन महिन्यांनी खात्यावर गेलो. कामाला नाही, नुसता भेटायला. बाहेरच्या चहाच्या टपरीवर सगळे जमले. मी पहिल्यापासून सांगितलं, आणि आता सांडाच्या शिंगांना सोन्याचं टोक होतं, आकडा चार हजार होता, आणि सर्जनला बादल्या कमी पडल्या. माणसं हसून हसून वाकली. आधार बाकड्याच्या टोकाला बसून बशीत चहा ओतत होता.

पांगापांग झाल्यावर मी त्याच्याजवळ सरकलो. दोन महिने हे मनात होतं.

"आधार," मी म्हणालो, "तू तर करंगळी फिरवून गेलास. मी तिथं मेलो होतो, भो. मग बाहेर जाऊन डॉक्टरबेनला सांगितलंस कसं? कशावरून ओळखलंस की या वेळी खरं आहे?"

त्यानं बशी संपवली. कप तिच्यावर उपडा ठेवला.

"खरं नही वाटनं मले," तो म्हणाला. "तरी सांगी टाकं डॉक्टरबेनले."